नवा अवयव, जुनी नोकरी (लेखांक ५) : पोलोग्राउंडच्या पाळीवर परतताना

मागच्या आठवड्यात आपण शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने पाहिले. औषधांचा मारा जास्त, संसर्गाची भीती जास्त, म्हणून शक्यतो घरातच राहायचं. आता प्रश्न पगाराचा. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला साधारण दोन-तीन महिन्यांत कामावर जाता येतं, यकृत बदललेल्याला तीन ते सहा महिने लागतात. पण काम कसलं, हे या आकड्यांत कुठेच नसतं.

इंदूरच्या पोलोग्राउंडला पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचं मुख्यालय आहे, आणि जुन्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानेही. समजा, मुख्यालयातला लिपिक आणि एखाद्या शेडमधला लेथवरचा कारागीर, दोघांचंही मूत्रपिंड बदललेलं आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.२ आहे. लिपिकाचं मास्क, घरचा डबा आणि उकळलेलं पाणी यांवर भागतं. फार तर पोह्यांवरची शेव आवरावी लागेल, तीही मिठापायी. कारागिराचं तसं नाही. बसवलेलं मूत्रपिंड पाठीकडे नसतं. ते ओटीपोटात, बहुधा उजवीकडे, हाताला लागेल इतकं वर असतं आणि त्याला बरगड्यांचा आडोसा नसतो. जड जॉब पोटाला टेकवून उचलायची वर्षानुवर्षांची सवय मोडावी लागते. डायलिसिससाठी हातावर केलेला फिस्टुला अजून चालू असेल, तर त्या हातावर ओझं नको, घट्ट पट्टा नको. मे महिन्यात पत्र्याखाली घाम गाळून पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन चढलंच. आणि पाठ धरली म्हणून शेजारचा आपुलकीने डायक्लोफेनॅक पुढे करतो, ती गोळी तर मुळीच घ्यायची नाही.

त्यात पाळ्या. टॅक्रोलिमस ही अवयव नाकारला जाऊ नये म्हणूनची गोळी दर बारा तासांनी घ्यायची असते आणि तिची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी तपासतात. रात्रपाळी लागली तरी गोळीची वेळ तीच राहिली पाहिजे. ‘सुटल्यावर घेतो’ असं करत डोस चुकत गेले, तर शरीर नवा अवयव नाकारू शकतं.

म्हणून ‘कामावर रुजू होण्यास हरकत नाही’ या एका ओळीच्या दाखल्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही. तो वाचून मालक एक तर सगळं काम अंगावर टाकतो, नाहीतर घाबरून माणसाला घरी बसवतो. किती किलोपर्यंत उचलायचं, धूळ आणि उष्णतेपासून किती लांब राहायचं, रात्रपाळी कधीपर्यंत नाही, तपासणीला महिन्यातून किती दिवस जावं लागेल, हे सगळं डॉक्टरांकडून लेखी घ्या. बहुतेक डॉक्टर देतात. मागत कुणी नाही.

पैशाचंही बघा. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मूत्रपिंड कायमचं निकामी होणं हे दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग विमाधारक नोकरी आणि हप्त्यांची अट पूर्ण असेल, तर ८० टक्के दराने, कमाल दोन वर्षांपर्यंत, भत्ता वाढवून मिळू शकतो. हा भत्ता चालू असताना कामगाराला काढता येत नाही, असं नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या ईएसआय कायद्याचं कलम ७३ सांगत असे. पोलोग्राउंडच्या कामगाराने यासाठी नंदानगरच्या बिमा हॉस्पिटलात चौकशी करावी. उलट, २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मूत्रपिंडाचा आजार नाही, त्यामुळे त्या दाराशी चपला झिजवू नका.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रजेचा अर्ज आणि ईएसआयचे कागद त्याच आठवड्यात मार्गी लावा, आणि फोरमनशी आधीच बोलून ठेवा. मूत्रपिंड देणारी आई किंवा बायकोही पुष्कळदा कमावती असते. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर तिला २०२३पासून ४२ दिवसांची विशेष रजा आहे. कारखान्यातल्या बाईला ती नाही. तिच्याबद्दल पुढच्या लेखांकात.