बोटांपर्यंत पोचणारी वीज

थंडी वाढली की शरीर काटकसरीला लागतं आणि पहिली कात्री बोटांच्या रक्तपुरवठ्याला लागते. हृदय आणि मेंदू ३७ अंशांच्या आसपास राहावेत म्हणून हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटांत उष्णता निर्माण करणारे मोठे स्नायू नसतात. बोटं वळवणारे मुख्य स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. तिथून लांब कंडरा बोटांना ओढतात. त्यामुळे बोटांची ऊब जवळजवळ सगळी रक्ताच्या जिवावर. रक्त कमी झालं की बोटं आखडतात. त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की हाताची सफाई जाते, आठेक अंशांवर स्पर्शही धड कळत नाही.

घरात असताना फार तर शर्टाचं बटण लागत नाही. मोटारसायकलवर मात्र पुढचा ब्रेक आणि क्लच याच बोटांच्या ताब्यात असतात. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते.

यात भर घालतो वारा. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या लहान नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो हे वेगवेगळ्या वाऱ्यात मोजलं आणि १९४५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिका आणि कॅनडाने २००१मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रात आकडे घालून पाहिले, तर शून्य अंशाला ताशी ६० किलोमीटर वाऱ्यात उघड्या त्वचेला उणे ९ अंशांसारखी थंडी जाणवते. आपल्या निफाडला थंडीच्या लाटेत पारा ६ अंशांवर येतो. त्या पहाटे याच वेगाने निघालेल्याला थंडी शून्याच्या किंचित खालची लागते. शिवाय हे सूत्र जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला वारा धरतं, चेहऱ्यापाशी तो बराच मंद असतो. चालकाच्या उघड्या बोटांवर तो पूर्ण वेगाने आदळतो, म्हणून त्याच्यासाठी हे आकडे सौम्यच म्हणायचे. पुण्या-मुंबईहून लडाखला जाणाऱ्यांना सुमारे ४,९०० मीटर उंचीच्या बारालाचा खिंडीत भर जूनमध्येही बर्फ भेटू शकतं.

यावरचा एक उपाय म्हणजे हँडलवरच्या तापणाऱ्या ग्रिप. त्यांचं तत्त्व इस्त्रीत वापरतात तेच. रबराखाली विजेला विरोध करणारी बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. तिच्यातून प्रवाह गेला की ती तापते. दोन्ही ग्रिपना मिळून साधारण ३० ते ५० वॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टवर ३-४ अँपिअर.

खरी गंमत डाव्या-उजव्या हातांच्या फरकात आहे. उजवी ग्रिप ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर बसते. ही नळी हँडलच्या पाइपभोवती फिरते आणि उष्णता आत जाऊ देत नाही. डावी ग्रिप थेट धातूच्या पाइपवर चढवलेली असते. प्लॅस्टिकपेक्षा ॲल्युमिनियम शेकडो पट सहज उष्णता वाहून नेतं, त्यामुळे तिथली बरीच ऊब हातात येण्याऐवजी हँडलमध्ये मुरते. म्हणून चांगल्या किटमध्ये डाव्या ग्रिपला जास्त वॅट दिलेले असतात किंवा तिच्याखाली उष्णतारोधक थर असतो. किट घेताना डावं-उजवं नीट पाहून घ्यावं.

ग्रिप तळहात तापवते, वारा मात्र बोटांच्या पाठीवर बसतो आणि ब्रेकवर ठेवलेली दोन बोटं तर थंडगार लिव्हरलाच टेकलेली असतात. त्यामुळे आधी वारा अडवणारे हँडगार्ड बसवावेत. तेच स्वस्त आणि तेच पहिलं काम. हातमोजे तळव्याकडे पातळ हवेत, नाहीतर जाड अस्तर ग्रिपची ऊबही अडवतं. मनगटापाशी फट राहिली तर बोटांकडे जाणारं रक्त वाटेतच गार होतं.

एवढी वीज गाडीला झेपेल का, हा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच मोटारसायकलींत इंजिन फिरतं तोवर स्टेटर वीज तयार करतच राहतो आणि जास्तीची वीज रेग्युलेटर शॉर्ट करून उष्णतेच्या रूपात वाया घालवतो. ग्रिप त्यातलाच वाटा घेतात. पण इंजिन मंद फिरत असताना वीज कमी पडते, आणि बंद असताना सगळा भार बॅटरीवर येतो. ९ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर अडीच तास टिकेल. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद आणखी घटते आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी नकार देतो. म्हणून ग्रिपचा प्रवाह रिलेमार्फत, किल्ली फिरवल्यावरच सुरू व्हावा, आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज हवाच.

सुन्न हाताला चटका कळत नाही. ४४ अंशांचा स्पर्श सहाएक तास राहिला तरी त्वचा भाजू शकते, त्यामुळे बोटांत जान आली की उष्णता एक पायरी खाली आणावी.

जोडणी कोणीही केलेली असो, उजव्या ग्रिपची वायर ॲक्सिलरेटरबरोबर फिरते, तेव्हा तिला सैल वळसा ठेवावा लागतो. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि दोन्ही टोकांना ॲक्सिलरेटर पिळून सोडायचा. तो झटकन मागे आला नाही, तर वायर कुठेतरी ताणली गेली आहे. ती सोडवल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.