पावसाळ्यांतलें कणीस कां महागलें?

कोणतीहि जिन्नस हंगामांत स्वस्त आणि हंगामाबाहेर महाग, हा गृहस्थाच्या हिशेबांतील अगदीं पहिला पाठ होय. वाटाणा थंडींत उतरतो, आंबा पाऊस तोंडावर आला कीं उतरतो, आणि घरांतील वडील मंडळी नेमक्या त्याच वेळीं पिशवी घेऊन बाजारास निघतात. मक्याच्या कणसानें मात्र हा पाठ खोटा पाडण्याचें मनावर घेतलेलें दिसतें. आषाढ-श्रावणाची झड लागावी, मुलांनीं भाजलेल्या कणसाचा हट्ट धरावा, आणि नेमका तेव्हांच भाव चढावा, असा अनुभव नवी मुंबईंतील पुष्कळ कुटुंबांस येत आहे. आमच्या बाजूस निखाऱ्यावरचें एक कणीस तीस ते चाळीस रुपयांस मिळतें. एकट्यादुकट्यास ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत बारा पानें मांडलीं जातात, तेथें एका संध्याकाळच्या हौसेस पांचशें रुपयांस थोडेच कमी लागतात.

अशा वेळीं राग निघतो तो कोपऱ्यावर छत्रीखालीं शेगडी घेऊन बसलेल्या बाईवर. 'लूट चालली आहे' असे उद्गार निघतात, पांच रुपयांसाठीं घासाघीस होते, आणि पांच रुपये सुटले म्हणजे आपण बाजार जिंकला असें वाटतें. ही लूट आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोणाची, हें ठरविण्यापूर्वीं ह्या भावांत काय काय सांठलेलें असतें याची चौकशी करणें न्यायाचें होईल.

'कणीस' हा शब्द जुना आहे. संस्कृत 'कणिश' शब्दाचें तें मराठी रूप असून धान्याच्या लोंबीस हेंच नांव अमरकोशांत दिलेलें आढळतें. परंतु अमरसिंहाच्या डोळ्यांपुढील कणीस साळीचें किंवा जवाचें असेल, मक्याचें नव्हे. मका मूळचा मेक्सिकोंतला. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत सुमारें ९००० वर्षांपूर्वीं 'तेओसिंते' नांवाच्या रानगवतांतून माणसानें वेंचून वेंचून तो घडविला, असा शास्त्रज्ञांचा निर्णय आहे. १४९२ सालच्या कोलंबसाच्या सफरीनंतर तो युरोपांत गेला व पुढें पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आला, असें सामान्यतः मानितात. कर्नाटकांत सोमनाथपूर येथील तेराव्या शतकांतल्या होयसळ देवालयांत मूर्तींच्या हातीं मक्याचें कणीस आहे, असें कांहीं संशोधकांनीं प्रतिपादिलें. पण तें मत सर्वमान्य झालेलें नाहीं. शब्द आमचा आणि वस्तु परक्याची, असा हा योग आहे.

आज बाजारांत जीं कणसें येतात त्यांचे मुख्य प्रकार दोन. एक देशी मका. हा धान्यासाठींच लाविलेला असतो. दाण्यांत दूध असतांना तोडला म्हणजे तेंच भाजण्याचें कणीस. दुसरा पिवळ्या दाण्यांचा मधुमका. यालाच बाजारांत 'स्वीटकॉर्न' किंवा 'अमेरिकन मका' म्हणतात. मुलांच्या जिभेनें गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दुसऱ्याच्या बाजूनें कौल दिला, आणि महागाईचें पहिलें मूळ येथेंच आहे.

साध्या मक्याच्या दाण्यांत ताटाकडून जी साखर येते तिचें पिष्ट होऊन सांठतें. मधुमक्यांत हें रूपांतर घडविणाऱ्या यंत्रणेंत एका जनुकाचा बिघाड असतो. साखर साखरच राहते. अशाच एका बिघाडाचा परिणाम इलिनॉय विद्यापीठांतील जॉन लॉफनन या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं प्रसिद्ध केला. तो असलेला दाणा सुकल्यावर सुरकुततो, पण कोंवळेपणीं त्यांतील साखर अधिक असते व अधिक काळ टिकते. आजचा अतिगोड मका ह्याच वंशाचा. म्हणजे ज्याला आपण गोडवा म्हणतों, तें वनस्पतीच्या दृष्टीनें एक वैगुण्य आहे. आणि वैगुण्य संभाळावयास गुणापेक्षां अधिक खर्च येतो.

तो कसा, तें पाहूं. बियाणें संकरित असल्यामुळें घरचें ठेवून चालत नाहीं. दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. मक्याचें परागण वाऱ्यानें होतें. शेजारच्या बांधावर साधा मका त्याच सुमारास तुऱ्यावर आला, तर त्याचे पराग उडून येऊन मधुमक्याचेच दाणे पिठूळ करून टाकितात. म्हणून शेतकऱ्यास अंतर तरी राखावें लागतें, नाहींतर पेरणीची वेळ तरी बदलावी लागते. कणसाच्या टोंकावरचा प्रत्येक रेशमी धागा आंतल्या एकेका दाण्याचा असतो. ज्या धाग्यास पराग मिळाला नाहीं तेथें दाणा भरत नाहीं, आणि पडलेल्या दांताप्रमाणें रिकामी जागा राहते. तुरा येण्याच्या दिवसांत पावसाची संततधार लागली कीं अशीं अर्धवट भरलेलीं कणसें वाढतात. पेरणीपासून काढणीपर्यंत अडीच-तीन महिने राबल्यावर एका ताटास विकण्याजोगें कणीस बहुधा एकच मिळतें. धागा दिसल्यापासून साधारण वीस दिवसांनीं तें तोडावयाचें. चार दिवस आधीं तोडलें तर पाणचट, चार दिवस नंतर तोडलें तर जून. ह्यांत २०१८ सालापासून अमेरिकन लष्करी अळीची भर पडली. त्या वर्षीं ती आपल्या देशांत प्रथम कर्नाटकांत आढळली आणि महाराष्ट्रांतहि शिरली. ती पोंग्यांत बसून खाते. त्यामुळें औषधफवारणीचा खर्च आतां नित्याचा झाला आहे.

पण सर्वांत महाग वस्तु पुढेंच आहे, आणि ती म्हणजे वेळ. कणीस ताटावरून तोडलें तरी तें जिवंत असतें, आणि आपली साखर खर्च करूं लागतें. जुन्या जातींच्या मधुमक्यावर झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, बर्फाच्या शीतमानांत दिवसभरांत शेंकडा ६ च्या सुमारास साखर कमी होते, तर ३० अंशांत शेंकडा ६० पर्यंत नाहींशी होते. नव्या जातींत हा वेग मंद असतो, परंतु थांबत नाहीं. म्हणजे मधुमक्याचें गिऱ्हाईक वस्तुतः दाणे विकत घेत नाहीं. तें घाई विकत घेतें.

ह्या घाईचा मार्ग आमच्या दारावरूनच जातो. नाशिक व पुणें जिल्ह्यांतील गांवांत दुपारीं तोडलेला माल रात्रीं टेम्पोंत भरून घाट उतरतो आणि पहांटे तुर्भ्याच्या बाजार आवारांत येतो. मुंबईची भाजीपाल्याची घाऊक बाजारपेठ पूर्वीं भायखळ्यास होती. १९९६ सालीं ती नवी मुंबईंत आली. येथें माल उतरविणारे माथाडी आहेत. १९६९ च्या कायद्यानें त्यांच्या मजुरीस संरक्षण मिळालें, आणि तें योग्यच झालें. २०१६ सालीं राज्य शासनानें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मुक्त केला, अडतीचा भार शेतकऱ्यावरून काढला आणि बाहेर थेट विक्रीची मोकळीक दिली. तथापि मार्गांतील हात नाहींसे झाले नाहींत. टेम्पोचें भाडें, हमाली, अडत, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, मग किरकोळ विक्रेत्याचा नफा, अशा पायऱ्या चढत कणीस आपल्या कोपऱ्यावर पोंचतें. घाटांत दरड कोसळून वाहनें अडकलीं, तर त्या रात्रीचा गोडवा वाटेंतच आटतो. आणि जो माल वाया गेला त्याचें मोल उरलेल्या मालास भरावें लागतें.

आतां हंगामांतच भाव कां चढावा, ह्या कोड्याकडे वळूं. पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्यास मधुमका आतां वर्षांतून अनेक वेळां घेतां येतो. म्हणून तो बाजारांत बाराहि महिने दिसतो. पावसाळ्यांत आवक असते हें खरें, पण त्याहून अधिक वाढते ती मागणी. खारघरच्या पांडवकड्याच्या वाटेवर, पामबीच मार्गावर, स्थानकांच्या दारांत, लोणावळ्याच्या आणि माळशेजच्या घाटांत, एकाच पावसाच्या सरीबरोबर हजारों लोकांस एकाच वेळीं कणसाची आठवण होते. पूर्वीं हंगाम पिकाचा असे. आतां तो भुकेचा झाला आहे. ज्या हंगामांत माल वाढतो त्यांत भाव उतरतो. ज्या हंगामांत इच्छा वाढते त्यांत तो चढतो. जुना पाठ खोटा नव्हे. 'हंगाम' शब्दाचा अर्थ बदलला आहे.

देशी मक्याची कथा थोडी निराळी. त्याचा शेतकरी दोन वाटांच्या तोंडाशीं उभा असतो: कोंवळें कणीस विकावें, कीं दाणा सुकवून धान्य विकावें? कोंबड्यांच्या खाद्यास व पिष्टाच्या कारखान्यांस मका पूर्वींपासून लागत असे. त्यांत इथेनॉलची भर पडली. डिसेंबर २०२३ मध्यें केंद्र शासनानें उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, आणि कारखाने मक्याकडे वळले. मक्याचा हमीभाव २०१४-१५ सालीं क्विंटलला १३१० रुपये होता, तो २०२५-२६ सालीं २४०० रुपये झाला. वाळलेल्या दाण्याचा भाव असा चढला म्हणजे कोंवळें कणीस स्वस्तांत देण्याचें शेतकऱ्यास कारण उरत नाहीं. मात्र यावरून तो श्रीमंत झाला असें कोणीं समजूं नये. २०२५ च्या खरिपांत कर्नाटकांतील शेतकऱ्यांस बाजारांत हमीभावाहून पुष्कळ कमी दर मिळाला, आणि त्यासाठीं त्यांस आंदोलन करावें लागलें. आपल्या ताटांतील महागाई व त्याच्या हातांतील पैसा ह्यांची भेट होतेच असें नाहीं.

आतां त्या शेगडीवाल्या बाईचा हिशेब करूं. आंकडे उदाहरणादाखल घेतों. वाचकांनीं आपल्या बाजारचे घालून पाहावे. तिनें १५ रुपयांप्रमाणें १०० कणसें घेतलीं, म्हणजे १५०० रुपये गेले. त्यांतलीं १० किडकीं वा जून निघालीं, आणि १० रात्रीं उरलीं. राहिलीं ८०. कोळसा, लिंबू, तिखटमीठ व रिक्षाभाडें मिळून ४०० रुपये धरूं. एकूण खर्च १९०० रुपये, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक कणसास पावणेचोवीस. ३५ रुपयांनीं विकलें तर हातीं आले २८००, उरले ९००. पहांटे बाजार आणि रात्रीं नऊपर्यंत धूर, अशा दिवसाची ही मजुरी. तीहि पाऊस, गर्दी व पालिकेची गाडी ह्या तिघांची मर्जी राहिली तर. आतां प्रत्येक गिऱ्हाइकानें पांच पांच रुपये कमी केले, तर ९०० मधून ४०० जातात. आपला सातवा हिस्सा वांचतो. तिची जवळजवळ अर्धी कमाई बुडते.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत व्यापाऱ्यास स्वदेशी मालावर शेंकडा ५ आणि परदेशी मालावर शेंकडा १० इतकाच नफा मान्य केला आहे. कोणी म्हणेल, मग ही बाई दोषीच ठरते. पण तो नियम मालाच्या क्रयविक्रयाचा आहे. तिच्या नऊशें रुपयांत नफा नांवाची वस्तु शोधून सांपडणार नाहीं. त्यांत आहे तें वेतन. नियम लावावयाचाच असेल, तर जेथें माल रास रास भरतो आणि भाव ठरतो तेथें लावून पाहावा.

तर गृहस्थानें करावें काय? घासाघिशीपेक्षां ज्ञान अधिक पैसे वांचवितें. घरीं भाजावयाचीं वा उकडावयाचीं कणसें कच्चीं, पाल्यासकट घ्यावींत, आणि शक्यतों सकाळीं. पाला हिरवा व ओलसर असावा, टोंकाचे धागे तपकिरी पण लवचीक असावेत, देठ सुकलेला नसावा. एका दाण्यास नख लावून पाहावें: दुधासारखा रस आला तर कणीस योग्य; पाणी आलें तर कोंवळें; पीठ लागलें तर जून. आणिलेलें कणीस त्याच दिवशीं चुलीवर चढावें. तें न जमल्यास पाला न सोलतां शीतकपाटांत ठेवावें. सोललेल्या दाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत सोलणाराची मजुरी आपण देतों, आणि दाणे किती दिवसांचे तें कळत नाहीं.

तुर्भ्याचा बाजार आपल्या शेजारीं असून आपण त्याचा लाभ घेत नाहीं, हें आश्चर्य आहे. तेथें चार-आठ कणसें कोणी देणार नाहीं. पण एका इमारतींतील पांच-सहा कुटुंबांनीं मिळून एक गोणी आणिली व वांटून घेतली, तर मधल्या एकदोन पायऱ्या आपोआप गळतात. एकत्र कुटुंबाचें जें बळ घरांत आहे, तेंच शेजारांतहि वापरतां येतें.

शिवाय प्रत्येक पदार्थास मधुमकाच हवा असें नाहीं. उसळीस, वड्यांस, किंवा इंदूरकडील मराठी घरांतून रूढ झालेल्या कणसाच्या किसास देशी मका अधिक चवदार लागतो. किसांत दूध व साखर घालण्याचा अधिकार आपल्याच हातीं असतो.

इतकें करूनहि एखाद्या संध्याकाळीं पाऊस थांबावा, मुलांनीं हात धरून कोपऱ्यावर न्यावें, आणि शेगडीवर ठिणग्या उडाव्यात, असें होणारच. त्या वेळीं बारा घेण्याऐवजीं सहा घ्यावींत आणि अर्धीं अर्धीं वांटावींत; घरांतल्या मुलांस वांटून खाण्याचा धडाहि मिळेल. मात्र भाव सांगेल तो द्यावा. महागाईशीं झगडावयाचें तें तुर्भ्यांत आणि आपल्या स्वयंपाकघरांत, निखाऱ्यापाशीं नव्हे.