दूरस्थ लवाद : सोय कोणाची?

सुरत–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी धुळे व जळगाव जिल्ह्यांतील शेतजमीन संपादित झाली. अशा संपादनात ठरलेला मोबदला मान्य नसल्यास शेतकऱ्याला राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३-जी अन्वये केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे दाद मागता येते. ही सुनावणी आता पडद्यावरही होऊ शकते. साक्ष दूरदृश्य यंत्रणेद्वारे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका फौजदारी खटल्यात २००३ साली मान्य केले. २०२० च्या साथीत न्यायालयांचे कामकाजच या मार्गाने चालले.

साक्री किंवा रावेरच्या शेतकऱ्याचे एसटीचे भाडे आणि बुडणारा दिवस यामुळे वाचतो, हे निर्विवाद. परंतु सोय म्हणजे न्याय नव्हे. लवाद कायदा, १९९६ च्या कलम १८ नुसार दोन्ही पक्षांना समान वागणूक आणि बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळाली पाहिजे. एका बाजूला वकिलांचे सुसज्ज कार्यालय आणि दुसऱ्या बाजूला भारनियमनात विझणारा मोबाइल असेल, तर ही समानता कागदावरच राहील.

म्हणूनच कार्यपद्धती पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावी. सातबारा, फेरफार, संयुक्त मोजणीचा नकाशा, विहीर व जलवाहिनीच्या पावत्या यांना पृष्ठांक घालून त्या आधीच उभय पक्षांना पोचाव्यात. साक्षीदाराच्या खोलीत अन्य कोणी नाही, याची खात्री कॅमेरा फिरवून करावी. अहिराणी बोलणाऱ्या साक्षीदाराचे शब्द नोंदवताना त्यांचा अर्थ बदलू नये. संपर्क तुटल्यास सुनावणी तेथेच थांबावी. विहिरीची खोली किंवा केळीच्या बागेची अवस्था यांवर वाद असेल, तर पडद्यावर विसंबू नये. कलम २४ मध्ये पूर्वसूचना देऊन मालमत्तेच्या पाहणीची तरतूद आहेच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ऐकू आले नाही तर त्याच क्षणी तसे सांगून हरकत नोंदवून घ्यावी. बाजू मांडता आली नाही, या कारणावरून कलम ३४ खाली निवाडा रद्द करून मागता येतो. पण त्या वेळी मौन पाळणाऱ्याचे म्हणणे पुढे दुबळे ठरते. शिवाय त्या अर्जाला निवाडा मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. पुरेशा कारणास्तव आणखी फार तर तीस दिवस मिळतात.

प्रत्यक्ष हजेरीचा पर्याय मागणाऱ्याला तो नाकारला जाऊ नये. जमीन एकदाच जाते. तिच्या किमतीचा निर्णय तरी नीट ऐकून व्हावा.