पाळींव सशाचें घर

अलीकडे जत्रेंतून किंवा तालुक्याच्या बाजारांतून मुलांच्या हट्टास्तव पांढऱ्या सशाचें पिलूं विकत आणण्याची चाल शेतकरी कुटुंबांतही पडत चालली आहे. प्राणी आधीं घरीं येतो व त्याच्या राहण्याची सोय मागाहून सुचते. मग त्यास कोंबड्यांच्या खुराड्यांत किंवा पत्र्याच्या पडवींतील एखाद्या खोक्यांत कोंडतात, आणि वैशाखांतील एखाद्या कडक दुपारीं तो मरून पडतो. नीट सांभाळ झाल्यास हा प्राणी ८ ते १० वर्षें जगूं शकतो. तेव्हां त्याच्या घराचा विचार तो आणण्यापूर्वींच करणें किती अगत्याचें आहे, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

बाजारांत मिळणारा ससा व आपल्या माळावरील ससा हे दोन भिन्न प्राणी होत. रानससा बीळ करीत नाहीं. झुडपाच्या आडोशास उघड्यावरच बसतो, व त्याचीं पिलें उघड्या डोळ्यांनीं आणि अंगभर केंसांनिशीं जन्मास येतात. पाळींव ससा हा मूळ स्पेन-पोर्तुगालकडील बिळांत राहणाऱ्या जातीचा वंशज असून त्याचीं पिलें आंधळीं व उघड्या अंगाचीं असतात. कापणीच्या वेळीं सांपडलेलें रानसशाचें पिलूं मात्र कोणीं घरीं आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें बाळगण्यास मनाई आहे. शिवाय त्याची आई फक्त दूध पाजण्यापुरती येत असते, म्हणून एकटें दिसलेलें पिलूं पोरकें झालें असें समजूं नये.

पाळींव सशास हवें तें बिळासारखें घर, म्हणजे थंड, कोरडें व लपावयास सोयीचें. यांत आम्ही थंडाव्यास सर्वांत अधिक महत्त्व देतों. सशास माणसाप्रमाणें घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो. हवेचें उष्णमान ३० अंश सेल्सियसच्या वर गेलें कीं तो कासावीस होऊं लागतो, आणि विदर्भ-मराठवाड्यांत उन्हाळ्यांत तें ४० च्याही पुढें जातें. म्हणून पत्र्याखालीं त्याचें घर मुळींच करूं नये. कौलारू किंवा गवती छपराखालीं, आंब्याच्या अथवा निंबाच्या दाट सावलींत, पश्चिमेचें ऊन न लागेल अशी जागा निवडावी. दुपारीं बाजूस ओलें गोणपाट सोडावें, मात्र वारा अडूं देऊं नये. बसावयास एखादी शहाबादी फरशी ठेवावी. ससा धापा टाकूं लागला, तोंडाशीं ओला दिसला व हातपाय सोडून पडला, तर त्यास सावलींत नेऊन त्याचे कान साध्या पाण्यानें भिजवावे व पशुवैद्यास बोलवावें. बर्फाच्या पाण्यांत बुडविणें हा उपाय नव्हे.

दोन सशांसाठीं ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच अशी लांकडी कोठडी करावी आणि तिला लागून १० फूट लांब व ६ फूट रुंद असें जाळीचें अंगण ठेवावें. ससा मागल्या पायांवर उभा राहिला असतां कान छपरास लागूं नयेत, एवढी उंची पाहावी. कोठडी जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर असल्यास ओल लागत नाहीं. अंगणांत उतरण्यास एक उतरती फळी लावावी. तळास मात्र उघडी जाळी ठेवूं नये. सशाच्या तळव्यांस कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या नसतात, केवळ केंसच असतात. तारेवर बसून बसून तेथें जखमा होतात. फळ्यांवर वाळलेल्या गवताचा जाड थर पसरावा. कोंबड्यांसाठीं वापरतात ती पातळ जाळी कुत्रें सहज तोडतें, म्हणून अर्ध्या इंचाची जोडकामाची भक्कम जाळी घ्यावी व ती अंगणाभोंवतीं दीड फूट जमिनींत पुरावी, कारण ससा आंतून उकरतो व मुंगूस बाहेरून.

आंत दोन तोंडें असलेली एक पेटी अवश्य ठेवावी. पान पडलें तर आभाळ कोसळलें म्हणून पळणाऱ्या सशाची गोष्ट आपण मुलांस हंसत हंसत सांगतों. पण या प्राण्याची भीति खोटी नव्हे. कुत्रें नुसतें जाळीशीं आलें तरी लपावयास जागा नसलेला ससा धडपडून स्वतःस इजा करून घेतो. त्यास कानांस धरून उचलणेंही तितकेंच वाईट. छातीखालीं एक व मागल्या पायांखालीं दुसरा हात हवा, नाहींतर झटका देतांना त्याची पाठ मोडते.

खाण्याविषयीं थोडेंच सांगतों. सशाचे दांत जन्मभर वाढतात व ते झिजण्यास चांगलें वाळलेलें मारवेलासारखें गवत सदैव समोर पाहिजे. चित्रांतला ससा गाजरावर जगतो, खरा ससा गवतावर. गाजर क्वचित् एखादा तुकडा द्यावें. सुबाभूळ, कांदा, व औषध फवारलेल्या शेतांतील कोणताही पाला देऊं नये.

एकटा ससा कष्टी राहतो, आणि नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारें ३१ दिवसांत पिलें होऊन पुन्हां लागलीच गाभ राहते. म्हणून पशुवैद्याकडून नराचें खच्चीकरण करवून मगच जोडी ठेवावी. ससा बहुधा एकाच कोपऱ्यांत घाण करतो. तेथें गवत घातलेलें पसरट ताट ठेवून तें रोज बदलावें. लेंड्या न कुजवितांही झाडांच्या आळ्यांत घालतां येतात. पावसाळ्यांत सशाचा मागील भाग रोज तपासावा, कारण ओल्या, घाणेरड्या केंसांत माशा अंडीं घालतात व एकदोन दिवसांतच अळ्या मांसांत शिरतात.