तीन महिन्यांची सुई आणि बाईचे मन

जाफराबादच्या वस्तीत माता-भगिनींशी बोलताना एक तक्रार आमच्या कानावर येते. "सुई घेतल्यापासून अंग जड वाटतं, कशात मन लागत नाही." घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. आम्ही म्हणतो, आधी तिचे ऐकून घ्या.

ही सुई म्हणजे 'अंतरा'. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ती कुटुंब नियोजनात आणली. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. तिच्यात मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन असते. त्यामुळे मेंदूकडून अंडाशयाला जाणारा संदेश दबतो, बीज सुटत नाही आणि तीन महिने दिवस राहत नाहीत.

पण हे औषध मेंदूत आणखी एक काम करते. मन शांत ठेवणारे ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य मेंदू स्वतः बनवतो. काम झाले की एक एन्झाइम ते बदलून टाकते. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांच्या मेंदूवर प्रयोग केले. हे औषध त्या एन्झाइमला अडवते, असे त्यांना दिसले. मोरीत बोळा बसला की पाणी साचते, तसे ते द्रव्य साचते आणि मेंदूच्या पेशी मंदावतात.

उंदरात दिसले ते बाईत तसेच घडते, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र मन उदास होणे, चिडचिड, डोकेदुखी हे या सुईचे नोंदलेले दुष्परिणाम आहेत. सगळ्यांना ते होत नाहीत. ज्यांना होतात, त्या खोटे बोलत नाहीत.

म्हणून सुई घेण्याआधी विचारा. पाळी पुढेमागे होईल, बंदही होऊ शकते. टोचलेले औषध परत काढता येत नाही. सुई थांबवल्यावर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. आधी उदासीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. कार्डावर पुढची तारीख लिहून घ्या. फार उदास वाटले, डोके सारखे दुखले किंवा अंगावरून जास्त गेले, तर आशाताईंना घेऊन दवाखाना गाठा. तांबी, गोळ्या, निरोध हेही पर्याय आहेत.

१९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. आज साधन दारात आले आहे. ते पूर्ण माहिती घेऊन निवडणे, आणि सोसत नसेल तर बदलणे, हा बाईचा हक्क आहे.