दाव्याला पैसे लावणारा तिसरा माणूस



या पानावर आपण एरवी लागण, खत, पाणी यांविषयी बोलतो. आज जमिनीच्या दाव्याविषयी थोडे सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदांबरोबर मी वरळीला बीडीडी चाळीत त्यांच्या बहिणीकडे गेलो होतो. यजमान गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार झाला. वडिलार्जित जमिनीत २००५ च्या कायद्याने मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. तो त्यांना हवा होता, पण कोर्टाचा खर्च झेपत नव्हता. तेवढ्यात एक गृहस्थ येऊन म्हणाले, "ताई, वकील, हेलपाटे सगळे माझ्याकडे. हरलात तर एक पैसा देऊ नका. जिंकलात तर निम्मा वाटा माझा."

हे कर्ज नव्हे. पीक बुडाले तरी सोसायटीचे कर्ज फेडावेच लागते. इथे दावा हरला तर पैसे लावणाऱ्याचे बुडतात, म्हणून तो वाटा मोठा मागतो. असे करणे बेकायदेशीर नाही. वकील नसलेल्या माणसाने दाव्याला पैसे पुरवण्यास बंदी दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे. वकिलाला मात्र निकालावर वाटा घेता येत नाही.

आता हिशेब पाहा. समजा, वाटा ३० लाखांचा आहे आणि खर्च ३ लाख झाला. खर्च वजा जाता राहिले २७ लाख, त्यातले निम्मे म्हणजे साडेतेरा लाख हाती. भावाने आधीच १८ लाखांवर तडजोड केली असती तर ती फायद्याची. पण कागदावर "माझ्या संमतीशिवाय तडजोड नाही" असे कलम असेल, तर भाऊ-बहीण एक झाले तरी दावा मिटत नाही.

महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये एक तरतूद आहे. पैशाच्या बदल्यात दाव्यातील मालमत्तेत वाटा घेणाऱ्याला कोर्ट पक्षकार करू शकते आणि समोरच्याच्या खर्चासाठी तारण मागू शकते. पण तो कोण हे कोर्टाला कळले तर ना! म्हणून माझ्या मते नियम असे हवेत: पैसे लावणाऱ्याचे नाव पहिल्याच तारखेला कोर्टात सांगावे, वाट्याला कमाल मर्यादा असावी, तडजोडीचा अधिकार मालकाकडेच राहावा, वकील त्याने नेमू नये, दावा हरल्यास समोरच्याचा खर्च त्याने द्यावा.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर सही करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत वकील मिळतो. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणी होते.

त्या ताईंनी सही केलेली नव्हती. चहा झाल्यावर भाऊ म्हणाले, "माझ्याकडं मागायचं होतंस गं." त्या म्हणाल्या, "दहा वर्षं मागतेय, दादा." भाऊ खाली मान घालून बसले. परत येताच त्यांनी वाटणीचा अर्ज दिला.

बहिणीचा वाटा वेळेवर दिला, तर तिसऱ्या माणसाला घरात पाय ठेवायला जागाच राहत नाही.

— ऊस विकास अधिकारी