वाटेवरची खबर
लांब पल्ल्याच्या पायवाटा : भाग ६

मागच्या भागात अपालाचियन ट्रेलवरचे निवारे पाहिले. तीन बाजूंना लाकडी भिंती, चौथी बाजू सताड उघडी. दार नाही, कडी नाही, राखणदार नाही. जो येईल त्याने पथारी पसरावी. जॉर्जियातल्या स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट अशा निवाऱ्यांच्या भरवशावर चालली जाते. मग रात्री शेजारी कोण झोपलंय, त्याचा भरवसा कोणी द्यायचा?

आधी प्रमाण लक्षात घेऊ. दरवर्षी तीस लाखांच्या वर माणसं या वाटेच्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर पाऊल ठेवतात. १९७४ पासून इथे झालेले खून डझनभराच्या आसपास आहेत. न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी याच वाटेवरच्या डेलावेअर वॉटर गॅपला चढायला जातात, त्यांनी बेत रद्द करावा असं यात काहीच नाही. तरीही या खुनांच्या हकिकती वाचाव्यात, कारण ही वाट स्वतःचं रक्षण कसं करते आणि कुठे कमी पडते, ते त्यांतून कळतं.

१९९० च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या डंकॅननजवळ, थेल्मा मार्क्स निवाऱ्यात एका तरुण जोडप्याचा खून झाला. मारेकरी फ्लोरिडातल्या आधीच्या खुनासाठी पोलिसांना हवा होता. तो मेलेल्या तरुणाचीच सॅक पाठीला लावून दक्षिणेकडे चालू लागला. इथेच तो फसला. लांबचे चालणारे एकमेकांना खऱ्या नावाने क्वचितच ओळखतात. टोपणनाव, चाल आणि पाठीवरची सॅक हीच ओळख. शिवाय प्रत्येक निवाऱ्यात एक वही असते. आज कोण आलं, पाणी कुठे आटलंय, पुढे कोण जरा विचित्र वागत होतं, सगळं तिच्यात उतरतं आणि मागून येणारा ते वाचतो. ती सॅक चालणाऱ्यांच्या नजरेत भरली आणि जवळपास आठवड्याने, हार्पर्स फेरीला पोटोमॅकवरच्या पुलावर रेंजरांनी त्याला पकडलं. तो निवारा पुढे पाडून टाकला आणि जवळच नवा बांधला.

२०१९ ची हकिकत मला जास्त अस्वस्थ करते, कारण त्या वेळी खबर गुन्ह्याच्या आधी पोचली होती. एप्रिलमध्ये एक माणूस मोठा सुरा बाळगून चालणाऱ्यांना धमकावत होता. त्याचे फोटो फोनाफोनी पसरले, टेनेसीतल्या शेरिफने त्याला अटकही केली. पण ज्यांना धमकावलं, ते कोर्टात उभे राहायला तयार नव्हते. त्यांना दोष देववत नाही. जो मेनपर्यंत जायला निघालाय, त्याने वाट सोडून मागे यायचं, तेही त्याच माणसासमोर! किरकोळ गुन्ह्यांवर दंड आणि प्रोबेशन होऊन तो सुटला आणि पुन्हा ट्रेलवर आला. ११ मे रोजी, व्हर्जिनियात, त्याने एका माणसाला भोसकून मारलं. मारला गेलेला हा माणूस तीनदा इराकला जाऊन आलेला माजी सैनिक होता. सोबतच्या बाईवरही वार झाले. ती मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिली, मग तशीच जखमी अवस्थेत जवळजवळ दहा किलोमीटर चालून मदतीपर्यंत पोचली. मारेकरी मानसिक रुग्ण होता. २०२१ मध्ये कोर्टाने त्याला त्याच कारणाने निर्दोष ठरवून उपचारांसाठी ताब्यात ठेवलं.

चालणारा दोन दिवसांत परगणा ओलांडतो, आठवड्या-दोन आठवड्यांत राज्य. तक्रार मात्र जिथली तिथेच राहते. म्हणून धमकी मिळालेल्याने जवळच्या गावात एक दिवस थांबून लेखी जबानी द्यावी आणि साक्षीसाठी परत यायचा खर्च सरकारने उचलावा, असं मला ठामपणे वाटतं.

बाकी काळजी साधी आहे. रस्ता जिथे ट्रेलला भेटतो, तिथे मुक्काम करू नये. चालणारा नसूनही रेंगाळणारा माणूस गाडीने तिथेच सहज पोचतो. आज कुठे झोपणार, हे अनोळखी माणसाला सांगू नये. एकटं असलात तरी ‘मित्र मागून येतायत’ म्हणायला हरकत नाही. फोटो टाकायचे तर मुक्काम हलल्यावर. घरी कोणाला तरी रोजचा बेत आणि आपलं ट्रेलवरचं टोपणनाव, दोन्ही माहीत असू द्यावं. कारण पोलिसांकडे खरं नाव असतं आणि वाटेवर ते कोणालाच ठाऊक नसतं. आणि मनात पाल चुकचुकली तर संकोच न करता सामान आवरावं, अंधार पडला असला तरी. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातच दोन मैत्रिणींवर गोळ्या झाडणारा माणूस त्यांना त्याआधी वाटेत भेटला होता. त्या दोघींचं प्रेम त्याला खुपलं. एक जागीच गेली. दुसरी पाच गोळ्या अंगावर घेऊन रात्री सहा किलोमीटर चालली, रस्ता गाठला, आणि तिने दिलेल्या वर्णनामुळेच तो सापडला.

पुढच्या भागात : पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरचं पाणी.